बाबांचं चालणं सुटलं: घरच्या ग्रुपवरचं बोलणं

मोठी ताई: वहिनी, बाबा चालायला जातात ना? मी विचारलं की 'हो हो' म्हणतात अन् फोन आईच्या हातात देतात.

वहिनी: नाही जात ताई. अटॅक आल्यावर हृदयाच्या नळीत स्टेंटची जाळी बसवली, तेव्हापासून दिवाळीपर्यंत नेमानं जात होते. आता म्हणतात, मले काही होऊनच नाही राहिलं, छाती दुखत नाही, दम लागत नाही, मंग काहून चालू?

धाकटा (पुणे): अरे मग जरा रागवा ना त्यांच्यावर. दुसरा अटॅक आला म्हणजे?

वहिनी: भाऊजी, रागावून सगळ्यांचं झालं. भीती दाखवली की चार दिवस ऐकतात, मग पुन्हा पानठेला अन् तंबाखूचा खर्रा. वरून घरात आठ दिवस बोलत नाहीत. भीतीनं माणूस दवाखान्यात जातो, रोज सकाळी चपला घालत नाही.

मोठी ताई: वहिनीचं बरोबर आहे. आमच्या आरोग्य केंद्रात हेच पाहते मी. दुखणं थांबलं की पथ्य सुटतं. बाबांना त्यांच्या भाषेत सांगा. संत्र्याच्या बागेतल्या ड्रिपची नळी क्षारानं एका जागी चोंदली, ती जागा मोकळी केली, पण पाणी तेच तर बाकीच्या नळीत क्षार साचतच राहणार. स्टेंटचं तसंच आहे. बरं वाटतं ते स्टेंटमुळे अन् गोळ्यांमुळे. रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद केली तर स्टेंटमध्येच गाठ होऊ शकते, म्हणून तिला हात लावू नका.

काका: मी एक बोलू का? शेतकऱ्याले व्यायाम कायचा? वावरात राबणं कमी हाय का?

वहिनी: काकाजी, आता कुठं राबतात मामाजी? गाडीवर वावरात जातात, कडुलिंबाखाली बसून मजुरांकडं पाहतात, गाडीवर परत. अन् मधेच जोर आला की सोयाबीनचं पोतं उचलायला धावतात. त्याचीच मला जास्त धास्ती वाटते.

मोठी ताई: काका, एकदम जोर लावणं वेगळं अन् एकसारखं चालणं वेगळं. आठवड्याचे पाच दिवस, रोज अर्धा तास, म्हणजे 150 मिनिटं. सुरुवात दहा मिनिटांपासून केली तरी चालते. वेग असा, की सोबतच्याशी बोलता यावं, पण भजन म्हणता येऊ नये. थंडीत ऊन पडल्यावर निघायचं, उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत घरी. छातीत दडपण, चक्कर किंवा दम वाटला तर तिथंच बसायचं, छातीत दडपण असेल तर डॉक्टरनं दिलेली गोळी त्यांनी सांगितल्याप्रमाणे जिभेखाली ठेवायची, अन् लगेच 108 ला फोन.

वहिनी: जेवणाचं माझं ऐका. दवाखान्यातून आणल्यावर मी त्यांचं वेगळं करत होते. एका रात्री आम्हा सगळ्यांच्या ताटात पातोडीचा तर्रीदार रस्सा अन् त्यांच्या ताटात फिक्कं वरण, उकडलेला दुधी. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, तसाच ताटात ठेवला अन् आईंना म्हणाले, लोणचं दे. मला फार वाईट वाटलं. आपल्याच घरात माणसाला पंगतीबाहेर बसवल्यासारखं होतं ते. तेव्हापासून सगळ्यांना एकच स्वयंपाक. आम्ही पाच माणसं, माणशी महिन्याला अर्धा किलो तेल, ते एक तारखेला वेगळ्या डब्यात काढते. रस्सा होतो, पण तर्री येत नाही. ज्वारीची भाकर, अंबाडी, घट्ट वरण, जवसाची चटणी. मीठ कमी केलं तिथं लिंबू, लसूण अन् भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. आता मुलंही तेच खातात.

काका: सैंधव मीठ आणा ना मंग.

मोठी ताई: तेही मीठच आहे काका. कोणतंही असो, दिवसभराचं मिळून माणशी पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचा. पापड, लोणचं, फरसाण त्याच हिशेबात येतं.

धाकटा (पुणे): पण बाबांना स्वतःहून वाटायला पाहिजे ना?

वहिनी: वाटतं, भाऊजी. शेगावला पायदळ जायचं म्हणतात ते. अटॅकच्या आधी दरवर्षी जात होते गावच्या दिंडीत. गजानन महाराजांचा प्रकटदिन माघात आहे. यंदा जमेल असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण 'अटॅक येईल' म्हटलं की तोंड फिरवतात अन् 'शेगावची तयारी' म्हटलं की ऐकून घेतात. दुसरं म्हणजे सोबत. एकटं चालायला त्यांना लाज वाटते, लोक विचारतात, कुठं चालले?

मोठी ताई: काका, तुम्ही जाता का सोबत? तुमचीही शुगर आहे.

काका: जातो ना. पांदणीनं मारुतीच्या देवळापर्यंत जाऊ अन् परत येऊ. उद्यापासूनच.

बाबा: सगळं वाचलं. भाऊ संगं असन तं जाईन. खर्र्याचं आत्ता बोलू नका.

मोठी ताई: बाबा, ते बोलावंच लागेल. तंबाखूनं ठोके वाढतात, बीपी वाढतो, अन् जी नळी मोकळी केली तिलाच त्रास होतो. एकदम जमत नसेल तर 1800-11-2356 वर फोन करू, पैसे लागत नाहीत. मी रविवारी येते, सोबत बसून लावू.

बाबा: ये. पोरायले घेऊन ये.

वहिनी: काकाजी, साडेसातला या. चहा चालून परत आल्यावर.