राज्य लॉटरीचं १ लाखाचं बक्षीस: सांगलीत मिळतं का?

प्रश्न: सांगली स्टँडवर घेतलेल्या तिकिटाला १ लाख लागले, तर स्टॉलवाला देतो का? हातात किती पडतात?

उत्तर १: नाही. १० हजारांपर्यंतचं विक्रेता देतो, त्यावरचं वाशीच्या लॉटरी कार्यालयातून. आधी तिकिटामागे नाव, पत्ता, सही. मगच अर्ज, पॅन, आधार, रद्द केलेला चेक. झेरॉक्स जवळ ठेवा. अन् लॅमिनेशन बिलकूल नको! नंबर किंवा बारकोड खराब झाला की दावा अडकतो.

उत्तर २: ३० टक्के टीडीएस (देतानाच कापला जाणारा कर) कापून ७० हजार. रिटर्न भरताना सेसचे (करावरच्या ४ टक्के उपकराचे) १,२०० आणखी. उत्पन्न कमी असलं तरी करमुक्त मर्यादेचा फायदा नाही, ८०सी (गुंतवणुकीवरची वजावट) विसराच.

उत्तर ३: दाव्याची मुदत तिकिटामागे छापलेली असते. ती चुकली, तर १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्यानुसार रक्कम सरकारजमा.