‘परिवीक्षा अधिकारी’ म्हटलं की बँकच का आठवते?

मुठाकाठची: एका अहवालाचं मराठी करतेय. सार असं, की तुरुंगाऐवजी प्रोबेशन, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या हमीवर देखरेखीखाली मोकळं सोडणं, द्यायचं तर ते सांभाळणारे अधिकारी पुरेसे हवेत. ‘परिवीक्षा अधिकारी’ लिहिलं, तर भाचा म्हणतो, “मावशी, बँकेची भरती निघाली का?” दुसरा शब्द आहे? आणि ‘स्टाफिंग’ला काय म्हणू?

पेठी_पंतोजी: आधी शुद्धलेखन. वि + ईक्षा, म्हणून ‘वी’ दीर्घच. सरकारी कागदांत ‘परिविक्षा’ सर्रास दिसतं. परीक्षा याच घराण्यातली, परि + ईक्षा.

काळा_कोट: शिवाजीनगर कोर्टात हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. ‘पीओचा (प्रोबेशन ऑफिसरचा) रिपोर्ट आला का’, ‘बाँडवर (हमीपत्रावर) सोडला’, एवढंच. १९५८ च्या प्रोबेशन कायद्याचं कलम ६ बघा: आरोपी २१ वर्षांखालचा आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर तुरुंगात धाडण्याआधी कोर्टानं पीओचा अहवाल मागवायचा, आणि धाडलंच तर कारणं लिहायची. पीओच जागेवर नसेल तर नुसत्या तारखा.

सिंहगडरोडी: सरळ ‘देखरेख अधिकारी’ म्हणा की! संस्कृतचा सोस कशाला?

काळा_कोट: देखरेख हे अर्धंच काम. कलम १४ मध्ये घरच्या परिस्थितीची चौकशी आहे, नोकरी शोधून द्यायचा प्रयत्न आहे, सल्ला-मदत आहे.

सिंहगडरोडी: मग ‘पालक अधिकारी’.

पेठी_पंतोजी: पालकमंत्र्यांनी पोट भरलं नाही का तुमचं?

पेन्शनीतली_पीओ: मी हेच काम केलं. वस्तीत आम्ही ‘पीओ मॅडम’. चौकशीला गेलं की आरोपीची आई आधी चहा टाकायची, मग हळूच, “सुटंल ना पोरगं?” प्रोबेशनला लोक ‘सुटणं’च म्हणतात, दर महिन्याला हजेरी लावायची म्हटलं की चेहरा उतरतो. खातं महिला व बालविकासाचं, त्यामुळे बालन्याय मंडळाचे सामाजिक तपासणी अहवालही त्याच टेबलावर.

स्टाफिंगला आमच्या फायलींत शब्द होता ‘आकृतिबंध’. त्यात मंजूर पदं असतात. भरलेली पदं हा वेगळा रकाना.

पर्वती_पायथा: आता भारतीय न्याय संहितेत (दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात) १ जुलै २०२४ पासून ‘सामुदायिक सेवा’ ही शिक्षाही आहे. पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, माल परत केला तर. मला ‘सामुदायिक’ म्हटलं की विवाह आठवतात! पण ती सेवा करवून घेणार कोण? तोच एक पीओ?

पेठी_पंतोजी: आकृतिबंध हा कवितेचा शब्द. खात्यानं पळवला.

सिंहगडरोडी: पळवला तर पळवला, वापरात तर आला. समीक्षेत तो कोण वाचत होतं?

पेठी_पंतोजी: मी.

मुठाकाठची: मंडळी, उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. तूर्त ‘प्रोबेशन अधिकारी’च ठेवते.

पेठी_पंतोजी: ठेवा. पण ‘तूर्त’ की ‘तूर्तास’?