मदत हवी आहे: घड्याळाचं काम मुळापासून शिकायचंय. शाळा गाठू की काकांच्या काउंटरवरच बसू?

नमस्कार मंडळी,

थोडं लांबण लागेल. हा प्रश्न एका ओळीत विचारला की "यूट्यूब बघा" असं उत्तर येतं, आणि ते मी दोन वर्षं बघतेच आहे.

मी कळव्याला राहते आणि पाचपाखाडीतल्या एका डेंटल लॅबमध्ये टेक्निशियन आहे. या कामात अकरा वर्षं झाली. मेणात दात कोरायचा, त्याचं कास्टिंग करायचं, वर सिरॅमिकचे थर चढवायचे, हे माझं काम होतं. आता बहुतेक कॅप कॉम्प्युटरवर आखतात आणि झिर्कोनियाच्या ठोकळ्यातून मशीन त्या कापून देतं. पगार चालू आहे, पण संध्याकाळी घरी जाताना आज हाताने काय केलं, याचं उत्तर सापडत नाही.

दोन वर्षांपूर्वी घरातल्या घड्याळाचा सेल बदलायला जांभळी नाक्याजवळ एका जिन्याखालच्या काउंटरवर गेले. तिथे बसणारे काका ७६ वर्षांचे आहेत. त्यांच्यासमोर काचेच्या झाकणाखाली बायकांचं एक जुनं मनगटी घड्याळ उघडं पडलं होतं. माझ्या गळ्यात लॅबचा लूप (डोळ्याला लावायचं भिंग) तसाच राहिला होता. "बघू का?" विचारलं, त्यांनी झाकण उचललं. बालकमानी, म्हणजे केसासारखी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग, उलगडत होती, मिटत होती, आणि तिला जोडलेलं, घड्याळाची गती ठरवणारं बॅलन्सचं चाक इकडून तिकडे फिरत होतं. मी बराच वेळ वाकून उभी राहिले. काकांनी मागच्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं, मला हटवलं नाही.

तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी तीन तास आणि रविवारी सकाळी तीन तास मी तिथे बसते. काका पैसे घेत नाहीत. पहिले चार महिने फक्त उघडणं, पुसणं आणि स्क्रू ओळखणं. मग एचएमटी जनता हे चावीचं घड्याळ खोलायला आणि लावायला दिलं. आज मी चावीचं घड्याळ पूर्ण खोलून, धुऊन, तेल घालून परत चालू करते. पण मला "चालू करता येतं" एवढंच.

मधल्या काळात एक चूक करून बसले. एका खासगी क्लासची "घड्याळ दुरुस्ती डिप्लोमा" अशी जाहिरात पाहून १४,००० रुपये भरले. आठ रविवार गेले. सेल बदलणं, पट्ट्याच्या पिना, काच चिकटवणं आणि क्वार्ट्झचं अख्खं मशीन काढून दुसरं टाकणं, यात अभ्यासक्रम संपला. शेवटच्या दिवशी मी विचारलं, चावीच्या घड्याळाचं काय? उत्तर आलं, "मॅडम, ते आता कोण वापरतं?" नाव लिहीत नाही, पण पैसे भरण्यापूर्वी वर्गात जाऊन टेबलावर कोणती हत्यारं आहेत ते आधी बघा.

आता खरं दुखणं सांगते. मार्चमध्ये एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा बॅलन्स काढताना माझ्या हातून घोटाळा झाला. पूल (बॅलन्सला वरून धरणारी पट्टी) उचलला की बॅलन्स बालकमानीला लोंबकळत वर येतो. तो खाली पॅलेट फोर्कमध्ये (बॅलन्सला धक्का देणाऱ्या काट्यात) अडकला होता, आणि मला ते कळलं नाही. मी उचलत राहिले. कमानी ताणली गेली आणि तिचा शंकू झाला. माझे हात गार पडले. काकांनी एक शब्दही बोलायच्या आधी ती काचेच्या तुकड्यावर ठेवली, दोन चिमटे घेतले आणि चाळीस मिनिटांत सपाट केली. एका विशिष्ट ठिकाणीच ते धरत होते. मी विचारलं, "काका, इथेच का?" ते थांबले, विचार केला, आणि म्हणाले, "हाताला कळतं गं."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांनाही कुणी सांगितलेलं नाही. चौदाव्या वर्षी ते दुकानात लागले आणि पहिली तीन वर्षं नुसते केस पुसले. मालकाच्या खांद्यावरून जे दिसलं ते शिकले. तेच मला म्हणाले, "मला शाळा मिळाली असती तर मी गेलो असतो. तू जा."

म्हणून शोधायला लागले. स्वित्झर्लंडमध्ये हे शिक्षण शाळा आणि उमेदवारी असं मिळून चार वर्षांचं असतं. जिनिव्हाची घड्याळशाळा तर १८२४ सालची आहे. पण तिकडे फ्रेंच हवं. वोस्टेप ही तिथलीच, १९६६ साली सुरू झालेली संस्था आहे, तिचा पूर्ण अभ्यासक्रम दोन वर्षांचा, ३,००० तासांचा. मी वही काढून भागाकार केला. माझे आठवड्याचे सहा तास धरले तर ५०० आठवडे, म्हणजे साडेनऊ वर्षं. काका तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढे असतील. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दोन वर्षं बाहेर राहणं मला शक्य नाही. मुलगा दुसरीत आहे, सासूबाईंचे गुडघे गेलेत. ब्रिटिश हॉरोलॉजिकल इन्स्टिट्यूट १८५८ सालची आहे आणि ती घरी राहून करायचा अभ्यासक्रम चालवते. ते जमेल असं वाटतं, पण हाताचं काम कागदावर कसं शिकायचं?

आणि मला फक्त भाग बदलायचे नाहीत. एचएमटीचा बॅलन्स स्टाफ, म्हणजे बॅलन्सच्या चाकाचा आस, मोडला तर काका डब्यातून दुसरा काढतात. १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने एचएमटीने बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली, ती घड्याळ कंपनी २०१६ मध्ये बंद झाली. आता डबा रिकामा होत चाललाय. जुनं फेवर लुबा हे स्विस घड्याळ आलं की काका गिऱ्हाइकाला हात जोडतात. शाळेत शिकलेला माणूस तोच स्टाफ लेथवर पोलादातून घडवतो. त्याची टोकं एक दशांश मिलिमीटरच्या आसपास जाड असतात, कधी त्याहून बारीक. मला तिथपर्यंत जायचंय.

तर विचारायचं असं. ठाणे, नवी मुंबई, मुंबईतून कुणी हा दूरस्थ अभ्यासक्रम केलाय का? आयटीआयमध्ये घड्याळाचा ट्रेड जवळपास कुठे चालू आहे का? सरावाला घड्याळाचं कोणतं मशीन घ्यावं? जुना घड्याळजींचा लेथ घ्यायचा तर काय बघून घ्यावा? आणि सगळ्यात मोठा प्रश्न: काका आहेत तोवर सगळा वेळ त्यांच्याजवळ घालवू, की त्यातला काढून अभ्यासाला देऊ?

---

प्रतिसाद:

ताई, मी नेरूळला राहतो, आठ-नऊ वर्षं हौसेने हे काम करतो.

आधी तुमच्या "इथेच का?" चं उत्तर देतो, कारण त्यावाचून मलाही पुढे जाववत नाही. बालकमानी वाकडी झाली की सगळी वाकडी दिसते, पण ती बहुधा एकाच जागी वाकलेली असते. त्या जागेपुढची वळणं ठीक असतात, फक्त चुकीच्या दिशेला निघालेली असतात. म्हणून पुढच्या वळणांना हात लावायचा नाही. मधून बाहेर नजर फिरवत यायचं, दोन वळणांमधलं अंतर पहिल्यांदा जिथे बिघडतं तिथे थांबायचं आणि तिथेच सरळ करायचं. उंचीचा दोष आधी, गोलाईचा नंतर. काका तेच करत होते.

सरावाला एचएमटी वापरू नका. तुम्हीच म्हणालात, डबा रिकामा होतोय. एटा ६४९७ हे स्विस मशीन घ्या. मूळचं खिशातल्या घड्याळाचं मशीन आहे, व्यास ३६.६ मिलिमीटर, १७ खडे. सगळं मोठं आणि उघडं दिसतं, त्यामुळे घड्याळशाळांतही ते वापरतात. त्याची चिनी नक्कल स्वस्तात मिळते, पहिल्या वर्षाला तीच बरी, मोडली तरी जिवाला लागत नाही.

दुसरं, टाइमग्राफर घ्या. माइकने टिकटिक ऐकून ते यंत्र दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, बॅलन्स किती अंश फिरतोय आणि दोन ठोक्यांत किती फरक आहे हे दाखवतं. जनता ताशी १८,००० ठोके देतं, सेकंदाला पाच. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ३० सेकंदांची चूक म्हणजे दहा हजारांत साडेतीन. कानाला हे कधीच कळणार नाही. पूर्ण चावी देऊन आडवं ठेवलेल्या निरोगी घड्याळाचा बॅलन्स २७० ते ३०० अंशांत फिरतो. जुनं थोडं कमी चालेल, पण २०० च्या खाली गेलं तर तेल, मळ किंवा कमानी, काहीतरी चुकलंय. धुण्याआधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहून ठेवा. "चालू करता येतं" च्या पुढे जायचा रस्ता इथून सुरू होतो.

---

प्रतिसाद:

मी निवृत्त टूलरूमवाला. वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं काढली. घड्याळातलं मला कळत नाही, लेथ आणि कानस कळते, म्हणून तेवढंच लिहितो.

बाई, तुमचा भागाकार बरोबर आहे पण मांडणी चुकली. त्या ३,००० तासांत पहिले कित्येक महिने कानस मारणं, कातणं, हत्यारांना धार लावणं असतं, असं वाचलंय. आम्हाला आयटीआयमध्ये फिटरला पहिल्या दिवसापासून तेच होतं. लोखंडाचा ठोकळा, सहाही बाजू सपाट, सगळे कोन काटकोन, गुण्या लावला की फटीतून उजेड दिसता कामा नये. त्याला काका लागत नाहीत. एक छोटी व्हाइस, दोन कानशी, गुण्या, मायक्रोमीटर, आणि रात्री जेवणानंतरचा तास. जे घरी होतं ते घरी करा. काकांचे सहा तास फक्त काकांकडूनच मिळणाऱ्या गोष्टींना ठेवा.

लेथ घेताना रंग आणि पेटी बघू नका. स्पिंडल हाताने फिरवा, कुठे अडतो का बघा. मग कॉलेटमध्ये (लेथवर काम पकडणाऱ्या चिमटीत) सरळ पिन धरून टोकाला डायल इंडिकेटर लावा, सुई किती हलते ते बघा. कॉलेट ८ मिलिमीटरचे असतील तर पुढे मिळत राहतात. बोली, लॉर्श ही जर्मन नावं चांगली, पण एकही कॉलेट सोबत नसेल तर मोह सोडा. चोर बाजारात मटन स्ट्रीटला असे लेथ कधी कधी येतात. एकट्या जाऊ नका, फसवतील. मी येतो हवं तर.

सुरुवात पितळेवर करा. हाताने ग्रेव्हर (कातायचं टोकदार हत्यार) धरून कातायचं, स्लाइडवर नाही. हात बसला की सिल्व्हर स्टील, म्हणजे कडक करता येणारं पोलाद. ते लाल करून तेलात बुडवलं की काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. मग घासून चकचकीत करून हळूहळू तापवा. आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळं, आणि ३०० अंशांच्या आसपास निळं. निळं झालं की थांबा. त्या रंगापर्यंत आणलेलं पोलाद चांगल्या ग्रेव्हरने कातता येतं आणि टोक पटकन तुटत नाही. शेवटची चकाकी कातून येत नाही, ती दाबून घासून आणावी लागते. ती घाई केली की टोक गेलंच.

आणखी एक. काकांचे हात मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. आमच्या टूलरूममध्ये एक मिस्त्री होते. ते डाय कसा बसवायचे, आज कुणालाच सांगता येत नाही.

---

धागाकर्तीचा प्रतिसाद:

दोघांचेही मनापासून आभार. लगेच उत्तर लिहिलं नाही, आधी रविवार जाऊ दिला.

रविवारी काकांना नेरूळच्या दादांचं वाचून दाखवलं. मधून बाहेर यायचं, अंतर बिघडेल तिथे थांबायचं, पुढच्याला हात लावायचा नाही. काकांनी आयग्लास डोळ्यावरून काढला. म्हणाले, "हां. तेच करतो मी. साठ वर्षं तेच करतोय." मग त्यांनी ड्रॉवरमधून एक निकामी कमानी काढली, मुद्दाम वाकवली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "आता तू शोध, कुठे बिघडलीय." तीन वेळा चुकीची जागा दाखवली, चौथ्यांदा बरोबर. दुपारचा दीड वाजला तरी त्यांनी शटर ओढलं नाही.

रेकॉर्डिंगला आधी नको म्हणाले, शर्ट जुना आहे म्हणून. फक्त हात दिसतील सांगितल्यावर तयार झाले. बॅलन्स उचलण्याचा सात मिनिटांचा व्हिडिओ आहे. उचलण्याआधी ते पूल थोडासा फिरवून बॅलन्स मोकळा झालाय का बघतात, हे मला दोन वर्षांत दिसलं नव्हतं. पडद्यावर दिसलं.

आता ठरवलंय ते असं: शनिवार-रविवार काकांचे, त्यात कपात नाही. रात्री साडेनऊ ते साडेदहा कानस. सासूबाईंनी व्हाइस स्वयंपाकघरातल्या ओट्याला लावू दिली, खाली जुनी सतरंजी घालून. दूरस्थ अभ्यासक्रमाची माहिती मागवली आहे. फी परवडली तर पुढच्या वर्षी नाव घालेन. स्वित्झर्लंड मनातून काढलेलं नाही, पण मुलगा मोठा होईपर्यंत तो विषय बाजूला.

टूलरूमवाले काका, मटन स्ट्रीटला नक्की जाऊ. पुढचा शुक्रवार सोडून कधीही, मी लॅबमधून रजा घेते. तुमचा डायल इंडिकेटर आणाल का? माझ्याकडे नाही.

आणि नेरूळच्या दादा, काकांनी तुमच्यासाठी एक प्रश्न दिलाय. घड्याळ टेबलावर आडवं ठेवलं तर वेळ बरोबर, मनगटावर उभं धरलं की दिवसाला मिनिटभर मागे पडतं. बॅलन्सच्या कडेला कुठेतरी जड आहे, हे त्यांना कळतं, आणि अंदाजाने ते बरंही करतात. पण कुठल्या बाजूला जड आहे हे न खोलता, नुसतं टाइमग्राफरवर वेगवेगळ्या बाजूंनी उभं धरून शोधता येतं का? येत असेल तर कसं, ते सविस्तर लिहा. रविवारी वाचून दाखवायचंय.