मदत हवी आहे: हृदयशस्त्रक्रियेनंतर श्वासाची ट्यूब काढली की बाळ परत ट्यूबवर

रात्रपाळी_रजिस्ट्रार
बाळ 3 महिन्यांचं, 4.2 किलो. कोआर्क्टेशन (महाधमनीचा अरुंद भाग) दुरुस्त केलं, सोबत व्हीएसडी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधलं छिद्र) बंद केला. 3.5 मिमीची कफवाली (टोकाशी फुगा असलेली) ट्यूब. दोनदा एक्सट्यूबेट केलं (ट्यूब काढली), दोन्ही वेळा काही तासांत छाती आत ओढायला लागली, घरघर वाढली, पुन्हा इंट्युबेट (ट्यूब घातली). इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग चांगलं, व्हीएसडी शिल्लक नाही. सूज धरून स्टेरॉइड वाढवायचं आणि तिसऱ्यांदा काढायची, असं चाललंय. आधी आणखी काय बघू?

आयसीयू_काका
"घरघर" पुरेसं नाही. आवाज श्वास घेताना येतो की सोडताना? घेताना असेल तर अडथळा स्वरयंत्रापाशी, सोडताना असेल तर छातीतल्या श्वासनलिकेत. दोन्ही वेळा सारखाच असेल तर नळी एका जागी पक्की अरुंद झालीय असं धरा. आणि रडण्याचा आवाज कसा आहे?

रात्रपाळी_रजिस्ट्रार
मुख्यतः घेताना. रडणं अगदी बारीक, जवळजवळ फुसकं. दुसऱ्यांदा काढल्यावर एक्स-रेत डावं फुप्फुस खालून पांढरं.

आयसीयू_काका
मग तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासा, सगळं सुजेच्या खात्यावर टाकू नका.

पहिली, डावी स्वरतंतू. डावी रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह (स्वरतंतू हलवणारी नस) महाधमनीच्या कमानीखालून, डक्टसला (महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी जोडणाऱ्या नळीला) लागूनच वळते. कोआर्क्टेशनच्या कामात ती ताणली जाते. एकच बाजू लुळी असेल तर आवाज जातो, खोकल्यात जोर राहत नाही, लाळ आणि दूध फुप्फुसात उतरतं. दोन्ही बाजू लुळ्या असतील तर उलट: रडणं ठणठणीत, पण स्ट्रायडर (श्वास घेतानाची घरघर) जोरदार. हा फरक नवख्यांना हमखास चकवतो.

दुसरी, डावा डायाफ्राम (श्वासाचा पडदा) लुळा आहे का. सोनोग्राफी करा, पण बाळ स्वतः श्वास घेत असताना. व्हेंटिलेटरचा दाब चालू असला की लुळा डायाफ्रामही खाली ढकलला जातो आणि सगळं छान दिसतं.

तिसरी, डावा मुख्य ब्रोंकस (डाव्या फुप्फुसाकडे जाणारी श्वासनळी). तो कमानीखालूनच जातो. जोडणी ताणाची झाली असेल तर दाबला जातो. सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी) आणि ब्रोंकोस्कोपी (श्वासनळीत दुर्बीण घालून पाहणं), दोन्ही लागतील. मलेशिया (श्वासनळीची भिंत ढिली असणं) निघाला तर साल्ब्युटामॉल (श्वासनळ्या सैल करणारं औषध) देऊ नका, भिंत आणखी ढिली पडते. तिथे उपयोग पीप किंवा सीपॅपचा, म्हणजे नळी उघडी ठेवणाऱ्या हवेच्या दाबाचा.

ईएनटी_स्कोपवाला
सहमत. ट्यूब आत असताना तंतूंची हालचाल कळत नाही. ट्यूब काढल्यावर लगेच, हलक्या गुंगीत, फ्लेक्झिबल स्कोपने बघा. रिलॅक्संट (स्नायू सैल करणारं औषध) दिलेलं असेल तर हलणारी तंतूही थिजलेली दिसेल. दोनदा फसलंय, म्हणून तिसरी खेप ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये), रिजिड (ताठ) स्कोप तयार ठेवूनच. क्रिकॉइडपाशी (स्वरतंतूंखालच्या कूर्चेच्या कड्यापाशी) व्रण किंवा ग्रॅन्युलेशन (जखमेवर वाढलेलं मांस) शोधा. तंतू हलत नसेल तर अ‍ॅरिटेनॉइड (तंतू जिला जोडलेली असते ती छोटी कूर्चा) हलवून पाहा: सहज हलला तर लुळेपणा, अडला तर सांधाच जखडलाय.

गॅस_आणि_ट्यूब
3.5 कफवाली या वजनाला मोठी आहे. पुढची 3.0 कफवाली घाला, कफचा दाब मॅनोमीटरने दर पाळीला मोजा, 20 सेमी पाण्याच्या दाबापेक्षा कमी ठेवा. कफ रिकामा करून 20-25 सेमी दाबाला लीक (ट्यूबभोवतीने निसटणारी हवा) ऐकू येतो का बघा. लीक नसला म्हणजे काढायचीच नाही असं नाही, पण तयारी दुप्पट हवी. 4 मिमीच्या श्वासनलिकेत चहूबाजूंनी 1 मिमी सूज आली की व्यास 2 मिमी उरतो आणि रोध 16 पट होतो. म्हणून अर्ध्या नंबरावरून मी भांडतो.

डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) 0.5 मिग्रॅ/किलो, म्हणजे इथे साधारण 2 मिग्रॅ, दर 6 तासांनी. पहिला डोस काढण्याच्या 12 तास आधी. ट्यूब काढताना दिलेला डोस उशिराचा. अ‍ॅड्रिनलीन 1:1000, 0.5 मिली/किलो, म्हणजे साधारण 2 मिली, नेब्युलाइज करा (वाफेसारखं श्वासातून द्या). मॉनिटरवर नजर ठेवा, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या हृदयाला टॅकीकार्डिया (ठोके फार वेगाने पडणं) परवडत नाही. असर दोनेक तासांत ओसरतो, त्यामुळे बाळ शांत दिसलं म्हणून वॉर्डात पाठवू नका. आयनाइज्ड कॅल्शियम (रक्तातलं मोकळं कॅल्शियम) तपासलंत का? कमानीचा दोष आहे, 22क्यू11 (कॅल्शियम कमी करणारा गुणसूत्राचा दोष) असू शकतं, आणि कॅल्शियम उतरलं की लॅरिंगोस्पाझमचा (स्वरयंत्र आवळण्याचा) स्ट्रायडर अगदी सुजेसारखा वाटतो.

आयसीयू_काका
कॅल्शियमचा मुद्दा बरा काढलात. तंतू लुळी निघाली तर तोंडाने दूध बंद, नाकातल्या नळीने द्या. गिळण्याची तपासणी झाल्यावरच बाटली. आणि डिस्चार्जच्या कागदावर लिहा: काही आठवड्यांनी सर्दीसोबत "क्रूप" (भुंकल्यासारखा खोकला आणि घरघर) पुन्हा पुन्हा आला तर नुसतं नेब्युलायझेशन नको, सबग्लॉटिक स्टेनोसिस (स्वरतंतूंखाली नळी अरुंद होणं) आहे का ते पाहायला स्कोप.