अमेरिकेतील शेती-अनुदान: पैसा कसणाऱ्याला की जमिनीला?

कुरुंद:
अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एखाद्या ग्रामीण काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) कोणत्या शेतकऱ्याला सरकारकडून किती डॉलर मिळाले, हे कोणालाही पाहता येते, कारण एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने सरकारकडून मिळवलेल्या १९९५ पासूनच्या नोंदी नावानिशी खुल्या केल्या आहेत. माझा आक्षेप यादीतील रकमांपेक्षा त्या मोजण्याच्या रीतीला आहे. मका, सोयाबीन किंवा गहू यांचा भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की मिळणारी मदत यंदाच्या पेऱ्यावर नव्हे, तर त्या शेताच्या नावे पूर्वीच नोंदलेल्या ‘बेस एकरां’च्या ८५ टक्क्यांवर मोजली जाते, शेतात सोयाबीन उभे असले, तरी मदत मक्याच्या भावावरून मिळू शकते. माणशी १,२५,००० डॉलरची मर्यादा २०२५ च्या कायद्याने १,५५,००० केली, आणि त्याआधीच २०१८ च्या कायद्याने चुलत भावंडे, भाचे, पुतणे यांनाही या कामासाठी ‘कुटुंब’ ठरवले होते. गोतावळा मोठा असेल, तर प्रत्येकाच्या नावे वेगळी मर्यादा मिळून ती नावापुरतीच उरते.

डोंगरवाट:
आपला आक्षेप मला मान्य नाही. भाव पडतो तेव्हा तोटा एकरामागे होतो, त्यामुळे जास्त एकर कसणाऱ्याला जास्त मदत मिळणे यात पक्षपात नाही. मदत चालू पेऱ्यापासून तोडली, तीही अनुदानाकडे पाहून कोणी पीक निवडू नये म्हणूनच. शिवाय जमीन रोख खंडाने दिलेली असेल, तर ही मदत कसणाऱ्यालाच मिळते, मालकाला नाही. २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा आयातशुल्क लावले, त्यात आयोवाच्या शेतकऱ्याचा काय दोष होता?

कुरुंद:
कायद्याने पैसे कसणाऱ्याला मिळतात, हे खरे. पण आयोवातील निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने कसली जाते, आणि या एकरावर सरकारी मदत येते हे खंड ठरवताना मालकाला पुरते ठाऊक असते, त्यामुळे मदतीचा काही भाग पुढच्या हंगामाच्या खंडातून त्याच्याकडे जातो. चीनच्या त्या आयातशुल्काच्या, म्हणजे व्यापारयुद्धाच्या, नुकसानीपोटी सरकारने दिलेल्या भरपाईचे म्हणाल, तर २०१९ मध्ये प्रत्येक काउंटीचा दर वेगळा, एकरी १५ ते १५० डॉलर, असा ठरला होता. रस्त्याच्या दोन बाजूंना तेच पीक असले, तरी मधून काउंटीची हद्द गेली म्हणून दर बदलत असे. याला तोट्याची भरपाई कशी म्हणायची?

जिरायत:
आपल्या पीएम-किसानमध्ये तर ही आडवाटही नाही, कारण वर्षाचे ६,००० रुपये सरळ सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच मिळतात. कूळ कायद्याच्या धास्तीने मालक खंडाचा करार कागदावर आणत नाहीत, त्यामुळे कसणाऱ्याची नोंदच होत नाही. अमेरिकेच्या यादीबद्दल एक भर घालतो: पीकविम्याच्या हप्त्यातील सरासरी सुमारे ६० टक्के भार सरकार उचलते, त्याला माणशी मर्यादा नाही आणि तो कोणाला किती मिळाला, हे नावानिशी जाहीर होत नाही. तेव्हा यादीतील पहिले नाव खरोखरच पहिले आहे का, हे तिच्यावरून ठरत नाही.

डोंगरवाट:
नावे जाहीर करण्यास माझी हरकत नाही. विम्याच्या हप्त्यासाठीच्या सरकारी मदतीवर मर्यादा आणण्यास मात्र आहे, कारण मोठे शेतकरी विम्यातून बाहेर पडले, तर मागे राहिलेल्या लहान शेतकऱ्यांचा हप्ता वाढण्याची भीती आहे.

कुरुंद:
मदत कमी झाली, तरी एवढ्या कर्जावर शेती करणारा मोठा शेतकरी विमा सोडेल, असे मला वाटत नाही. त्याची बँकच त्याला सोडू देणार नाही.