उपेक्खा : मराठीत ‘उपेक्षा’ चालेल का?

रानमेवा : अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्यांसाठी ब्रह्मविहारांवरची, म्हणजे बौद्ध परंपरेतल्या चार उदात्त मनोभावांवरची, छोटी पुस्तिका मराठीत करतेय. मैत्री, करुणा, मुदिता सरळ उतरले. चौथ्यापाशी, म्हणजे पाली ‘उपेक्खा’पाशी (सुखदुःखात मन समतोल ठेवणं) अडले. ‘रुग्णाविषयी करुणा बाळगा, तशीच उपेक्षाही’ असं छापलं तर नातेवाईक भांडायला येतील! काय लिहू?

संधिविग्रह : उपेक्षाच लिहा. उप + ईक्ष्, जवळून पाहणं. योगसूत्रातही (१.३३) मैत्री, करुणा, मुदिता यांच्या पंगतीला तीच बसलीय.

घाटमाथा : तिथे ती फक्त अपुण्याविषयी आहे. उपेक्खा सरसकट सगळ्यांविषयी. शिवाय ‘विसुद्धिमग्ग’ या बुद्धघोषांच्या पाली ग्रंथात अजाणतेपणातून येणारी बेपर्वाई हा उपेक्खेचा ‘जवळचा वैरी’ म्हटलाय, कारण वरवर दोन्ही सारखेच दिसतात. आजच्या मराठीतली उपेक्षा म्हणजे हा वैरीच की!

दहादिवशी : विपश्यना शिबिरात ‘समता’ म्हणतात. तेच घ्या.

घाटमाथा : आमच्याकडे समता म्हटलं की समता सैनिक दल. वेगळाच अर्थ लागेल.

निळी पहाट : विहारात दहा पारमितांमध्ये (अंगी बाणवायच्या सद्गुणांमध्ये) आम्ही ‘उपेक्खा’च म्हणतो, कुणाचं काही अडत नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनीच ती अनास्थेपासून वेगळी काढलीय : फळाने विचलित व्हायचं नाही, पण प्रयत्नही सोडायचा नाही. माझी आई वस्तीतल्या आजाऱ्यांचं करायची. म्हणायची, ‘जीव लावावा, टांगणीला लावू नये.’ पाली शब्द ठेवा आणि खाली हे लिहा.

संधिविग्रह : म्हणजे अर्थ घसरला की शब्द टाकायचा? मग तुकोबांचं ‘उदास विचारें वेंच करी’ही बदला. तिथे उदास म्हणजे रडवेला नव्हे.

घाटमाथा : तुकोबांना कोण हात लावतंय? पण तुम्ही ‘आज उदासपणे वीजबिल भरलं’ असं म्हणता का?

रानमेवा : ‘तटस्थ’ कसं वाटतं?

निळी पहाट : बुडणाऱ्याकडे काठावरून बघत राहणारा! नको हो, ताई.

दहादिवशी : अवांतर : परवा एका बातमीत ‘उपेक्षेपेक्षा जास्त गर्दी’ वाचलं.

संधिविग्रह : अपेक्षेतही तोच ईक्ष् आहे, अप + ईक्ष्. परीक्षा, प्रतीक्षा, समीक्षा, सगळ्या सख्ख्या बहिणी.

रानमेवा : सोमवारी पुस्तिका छापायला जायचीय हो!

दहादिवशी : मग ‘पेक्षा’सुद्धा त्यातलाच का? ‘याच्यापेक्षा’ मधला?

संधिविग्रह : अर्थात. त्यासाठी वेगळा धागा काढतो.