वडिलांच्या अकरा वह्या: आठवणी सालवार लावाव्यात का?

पिंपळपान
वडील ८१ वर्षांचे, गावच्या घरी एकटे राहतात आणि रोज पानभर लिहितात. दूध, पाऊस, गुडघे, आणि मध्येच पन्नासच्या दशकातली शाळा. तारखा कुठे इंग्रजी, कुठे नुसती तिथी. घरच्यांसाठी पंचवीस प्रती छापायच्या आहेत. जुन्या आठवणी वेगळ्या काढून सालवार लावू का? आणि साल पक्कं कसं करायचं?

उंबरठा
वेगळ्या काढू नका. दूध उतू गेलं, त्यावरून चूल आठवली, चुलीवरून आई, हा सांधा तोडलात की हातात नुसती माहिती उरते. वहीचा क्रम तसाच ठेवा. प्रत्येक नोंदीला वही/पान असा क्रमांक द्या (४/३७) आणि सालवार सूची शेवटी जोडा. 'आज कोणी आलं नाही' अशा एका ओळीच्या नोंदी गाळायचा मोह होईल. त्या सलग आठ दिवस येत असतील, तर आठही राहू द्या.

शकेभाऊ
तिथीसोबत शके असेल तर इसवी सन काढायला त्यात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. पौष या दोन्हींच्या सीमेवर सापडतो, तिथे त्या वर्षाचं पंचांगच बघा. मात्र पंचांग मराठी घ्या. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. आपला आश्विन वद्य म्हणजे त्यांचा कार्तिक कृष्ण, सरळ महिनाभराची चूक होते.

शकेही नसेल तर वर्ष विचारू नका, खूण विचारा: 'पानशेत फुटलं तेव्हा कितवीत होता?' (१२ जुलै १९६१), 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कुठल्या घरात होतात?' (११ डिसेंबर १९६७ची पहाट), 'हे ७२च्या दुष्काळाआधीचं की नंतरचं?' वर्ष विचारलं की माणूस अंदाज ठोकतो, घर विचारलं की कोणती खोली तेही सांगतो.

अडीचकी
पैशांवरून साल काढताना एक फसगत ठरलेली. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली, पण 'चार आणे' हा शब्द पंचवीस पैशांसाठी पुढे कित्येक वर्षं चालला. म्हणून 'चार आण्याची भजी' हा पुरावा नव्हे. 'दीड आणा', 'दोन पै' असं असेल तर मात्र बहुधा आधीचं. 'नवे पैसे' दिसले तर ५७ नंतरचं. 'नवे' हा शब्द १९६४ मध्ये अधिकृतपणे गळला, तोंडात थोडा जास्त राहिला असेल. शेर-पायलीवर तर मुळीच विसंबू नका.

खिळेजुळारी
आधी सगळ्या पानांचे फोटो काढा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. पेन्सिलीचं अक्षर फ्लॅशमध्ये चमकून पुसल्यासारखं येतं. टाइप करून घ्याल ती फाइल युनिकोडमध्येच मागा. जुन्या फॉन्टात दिली तर दुसऱ्या संगणकावर चिन्हांचा कचरा दिसेल. पंचवीस प्रतींना ऑफसेट परवडत नाही, डिजिटल छपाई करा. डेमी आकार (साडेपाच बाय साडेआठ इंच), अक्षर १४ पॉइंट, कारण वाचणारेही साठीचे असतील. शिवणीकडे पाऊण इंच समास सोडा, नाहीतर ओळीचं शेवटचं अक्षर घडीत जातं.

शुद्धलेखन सुधारा, बोली नको. 'व्हतं' लिहिलं असेल तर 'होतं' करू नका. आणि पहिलं प्रूफ वडिलांना द्या, पण लाल पेन देऊ नका, पेन्सिल द्या. लाल पेन हाती आलं की लोक नव्याने लिहायला बसतात.